टोपीच्या पट्टीतली नोट

मला कॉफी आवडते, आणि हे कोल्हापुरात उघड बोलायची सोय नाही. इथं सकाळी चहा, दहाला चहा, पावणं आलं की चहा, आणि पावणं निघाले की उंबऱ्यात पुन्हा अर्धा कप चहा. माझं माहेर निपाणीचं. आई पितळेच्या फिल्टरमध्ये कॉफी गाळायची आणि ती थेंब थेंब पडेपर्यंत आम्ही भावंडं भोवती बसून राहायचो. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना विचारलं, घरात कॉफी आहे का. त्यांनी घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघितला. त्यांच्याकडं कॉफी म्हणजे ताप आलेल्या माणसाला जायफळ घालून द्यायची वस्तू. पुढं तेहतीस वर्षं मी गुमान चहाच पीत आले.

तेव्हा गेल्या हिवाळ्यात भर समुद्रात, जहाजावर बसून जी कॉफी प्याले तिच्याबद्दल सांगताना माझा आवाज जरा चढला तर समजून घ्या. पण ही गोष्ट कॉफीची थोडी आणि आमच्या ह्यांची जास्त.

आमचे हे बँडवाले. लग्नाच्या बँडमध्ये पुढच्या रांगेत क्लॅरोनेट वाजवायचे. कुरुंदवाडपासून बिद्रीपर्यंत असं गाव नाही जिथल्या नवरदेवापुढं ह्यांनी वाजवलं नाही. लाल कोट, सोनेरी काठ, डोक्याला टोपी. कोट मी शिवायची, कारण मी शिवणकाम करते, ब्लाउज आणि ड्रेस. टोपी मात्र बाजारातली, पुढं काळी चकचकीत पट्टी असलेली. त्या पट्टीला फार मान. वरातीत कुणी खूश झालं की नोट काढतो, नवरदेवाच्या नाहीतर नाचणाऱ्याच्या डोक्यावरून ओवाळतो आणि बँडवाल्याला देतो. दुसरे लोक हात पुढं करून घ्यायचे. आमचे हे कधीच नाही. दोन्ही हात वाद्यावर, सूर चालू, आणि मान तेवढी किंचित पुढं. ज्याला द्यायची आहे त्यानं नोट टोपीच्या पट्टीत खोवायची. त्यांच्या मते नोट घ्यायला जो वाजवणं थांबवतो तो वाजवणारा नव्हे.

आणखी एक होतं. ते म्हणायचे, शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना नोट कधी द्यायची हेच कळत नाही. ओळीच्या मधेच अंगावर येतात. ज्याला कान आहे तो थांबतो. गाणं फिरून पहिल्या ओळीवर, मुखड्यावर आलं की मग पुढं येतो. असा माणूस भेटला की घरी येऊन सांगायचे, आज एक जाणकार भेटला. नोट किती रुपयांची होती ते सांगायचं त्यांच्या लक्षातही राहायचं नाही.

चार वर्षांपूर्वी साखर वाढली, हिरड्या गेल्या आणि वरचे पुढचे दात काढावे लागले. कवळी बसली. आता क्लॅरोनेटचं असं असतं, की वरचे दात त्याच्या टोकावर टेकवायचे, खालचा ओठ आत दुमडायचा आणि मग फुंकायचं. कवळी टेकवली की हलते. एकदाच घरात करून बघितलं. जो आवाज आला त्यानं शेजारची मांजरसुद्धा भिंतीवरून उतरली. मी हसले. हसायला नको होतं, हे तोंडातून हसू निघाल्यावर कळलं. त्यांनी क्लॅरोनेट पुसलं, माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. लोकांना सांगितलं, वय झालं, आता पोरांनी वाजवावं. मला दम दिला, कवळीचं कारण कुणाजवळ काढायचं नाही. पोरीजवळसुद्धा नाही.

आमची पोरगी एकुलती. पुण्यात नर्स आहे. तिचं लग्न ठरलं आणि तिथंच गाडं अडलं. तिचं म्हणणं एकच. गल्लीतल्या सगळ्या पोरींना अब्बांनी वाजवत सासरी पाठवलं, मग मला का नाही? अब्बा वाजवणार नसतील तर बँड नको, काहीच नको, मी रिक्षात बसून जाईन. आणि ह्यांचं म्हणणं, डीजे लाव. ज्या माणसानं जन्मभर डीजेला शिव्या घातल्या त्यानं पोरीच्या लग्नात डीजे लाव म्हणावं! तिला वाटायचं, अब्बा हे लग्न मनापासून करत नाहीत. ती फोनवर रडायची, हे अंगणात फेऱ्या मारायचे, आणि खरं काय ते माहीत असलेली मी एकटी मधे सुई-दोरा घेऊन बसलेली.

अशात तिनं आम्हाला जहाजाची तिकिटं काढून दिली. तीन रात्री, मुंबईहून गोवा आणि परत. लग्न होऊन तेहतीस वर्षं झाली, तुम्ही दोघं कुठं गेलाच नाहीत, आता मी जायच्या आधी जाऊन या, म्हणाली. ह्यांनी विचारलं, समुद्रात जाऊन करायचं काय, पाणीच बघायचं तर पंचगंगा हाय की. तरी गेले. पोरीचं मन आधीच दुखवलेलं, आणखी किती दुखवणार.

जहाज बघितलं आणि मी तोंडात बोट घातलं. अकरा मजले! आत लिफ्ट, पोहायचा तलाव, झुंबरं, गालिचे. पाय ठेवावा की चप्पल हातात घ्यावी असं वाटावं इतकी चकचकीत फरशी. आमच्या खोलीला गोल खिडकी आणि खिडकीबाहेर नुसतं निळं. रोज संध्याकाळी एका मोठ्या सभागृहात खेळ. एका जादूगारानं माझ्याच ओढणीतून कबुतर काढलं, आणि दोन मुली छताला टांगलेल्या कापडावर चढून अशा काही फिरल्या की मी डोळे हातांनी झाकले आणि बोटांच्या फटीतून बघत राहिले. लोक नाकं मुरडतात, म्हणतात जहाजावर काय, नुसता श्रीमंती थाट. मी तर म्हणते, एवढी माणसं रोज नवीन लोकांना हसवायला उभी राहतात, रोज तेवढ्याच मनापासून, ही चेष्टा नाही. बँडवाल्याची बायको आहे मी. मला कळतं त्यात काय लागतं ते.

आणि कॉफी. पाचव्या मजल्यावर एक मोठा दिवाणखाना होता, समुद्राकडं काचा, आणि कोपऱ्यात कॉफीचं काउंटर. तिथं मणिपूरची एक मुलगी. तिनं बिया माझ्यासमोर दळल्या. तो वास आला आणि मला एकदम आईचं स्वयंपाकघर दिसलं. दुधाच्या फेसावर तिनं पान काढलं. मी साखरेला हात घातला तर म्हणाली, आंटी, पहले ऐसेही एक घूंट. एक घोट घेतला. कडू होती, पण त्या कडूपणामागं कायतरी गोड होतं, भाजलेल्या शेंगदाण्यासारखं. मी साखर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मी दारातून दिसले की तिनं विचारायच्या आधीच दळायला घेतलं. तेहतीस वर्षांत माझ्या आवडीचं कुणी न विचारता करून दिलं असेल तर ते त्या पोरीनं. अल्ला तिला सुखात ठेवो.

त्याच दिवाणखान्यात दुपारी चारला तिघं वाजवायचे. एक पियानोवर, एक मोठ्या उभ्या तंतुवाद्यावर, आणि तिसरा साठीच्या पुढचा एक गोवेकर, पांढरे केस मागं वळवलेले. तो कधी सॅक्सोफोन घ्यायचा, कधी क्लॅरोनेट. पहिल्या दिवशी त्यानं क्लॅरोनेट उचललं आणि ह्यांनी कप खाली ठेवला. अर्धा तास परत उचलला नाही. बसले होते खांबाआड. बँडवाला समोर बसत नाही, ती पाहुण्यांची जागा. जेवणाचंही तेच. लग्नात बँड शेवटच्या पंगतीला जेवतो. इथं चाळीस पदार्थ मांडून ठेवलेले, आणि हे वाढणाऱ्या पोराला विचारत होते, की वाजवणारी माणसं जेवली का. ती जेवल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. त्या बिचाऱ्याला काय कळणार, त्यानं ह्यांना आणखी एक गुलाबजाम वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झालं. गोवेकरानं एक जुनं गाणं घेतलं, जे ह्यांनी हजार वरातींत वाजवलं असेल. आणि काय वाजवलं! सूर असा सावकाश उतरायचा, की खोलीतली माणसं बोलायची थांबली. माझ्याशेजारची खुर्ची सरकली. बघते तर आमचे हे उठलेले, खिशातून नोट काढलेली, चाललेत सरळ पुढं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथं कुणी पैशाला हात लावत नव्हतं. सगळं गळ्यातल्या कार्डावर. सुटाबुटातली माणसं, मंद दिवे, आणि हा आमचा गडी त्या गोवेकरासमोर नोट धरून उभा. लगेच दिली नाही. उभे राहिले, मान खाली घालून ऐकत. मग त्याच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली. आणि मग हात तसाच वर राहिला, कारण खोवायला टोपीच नव्हती. मागच्या टेबलावरची पोरं हसली. कोट घातलेला एक कर्मचारी लगबगीनं निघाला. मी मनात म्हटलं, ए बया, आता काय करायचं.

गोवेकर वाजवायचा थांबला नाही. दोन्ही हात वाद्यावर, सूर चालू, त्यानं खांदा जरा वळवला आणि शर्टाचा खिसा पुढं केला. ह्यांनी नोट खिशात सरकवली, कपाळाला हात लावला आणि परत येऊन बसले. कर्मचाऱ्यानं येऊन फार नम्रपणे सांगितलं, की सर, इथं रोख द्यायची गरज नसते. हे म्हणाले, गरज म्हणून न्हाय दिली.

सुट्टी झाल्यावर गोवेकर स्वतःचा कप घेऊन आमच्याच टेबलावर आला. कोकणी-मराठी-हिंदी अशी मिसळ बोलत होता. त्यानं विचारलं, कुठल्या बँडात वाजवता? हे गडबडले. मी वाजवतो हे तुम्हाला कुणी सांगितलं, म्हणाले. तो हसला. म्हणाला, तुम्ही मुखड्यासाठी थांबलात. पैसे देणारे थांबत नाहीत, वाजवणाराच थांबतो. तोही जहाजावर यायच्या आधी वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्येच होता.

मग काय विचारता. दोघं असे बोलायला लागले की मी तिसरी कॉफी मागवली. कुठल्या गावात वरात किती लांब, पावसात वाद्याचं लाकूड कसं फुगतं, भरल्या पोटी का वाजवू नये. गोवेकरानं सहज विचारलं, हल्ली कुठं वाजवता? ह्यांनी ठरलेलं उत्तर दिलं, वय झालं. त्यानं स्वतःच्या पांढऱ्या केसांकडं बोट दाखवलं. मी तोंड घट्ट मिटून बसले होते, कारण दम दिलेला होता. शेवटी आमच्या ह्यांनी कपाकडं बघत सांगितलं, "दात गेलं वरचं. कवळी हाय."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे परक्या माणसाला सांगितलं.

गोवेकरानं इकडं तिकडं बघितलं. मग तोंड काचेकडं वळवलं, जिभेनं ढकललं, आणि वरच्या सगळ्या दातांची कवळी ओठाबाहेर काढून पुन्हा आत घेतली. माझ्या हातातली कॉफी बशीत सांडली. दहा वर्षं झाली, तो म्हणाला. दात टेकवायचेच नाहीत. खालच्यासारखा वरचाही ओठ आत घ्यायचा, दातावर पांघरूण घातल्यासारखा, आणि ओठांनीच धरायचं. दुखतं. सुरुवातीला रक्त येतं. पण कवळी हलत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला, दिवाणखाना रिकामा असताना, त्यानं ह्यांना बोलावलं. माझ्यासमोर नको म्हणाले हे, म्हणून मी काउंटरपाशी पाठ करून बसले. मणिपूरच्या पोरीनं माझं तोंड बघितलं आणि कप पुढं ठेवला. मागून नुसती हवा ऐकू येत होती. फूस. फूस. मग एक चिरका आवाज, तसाच, चार वर्षांपूर्वीचा. ह्या वेळी मी हसले नाही. कप दोन्ही हातांत धरून बसले आणि मनात दुवा मागत राहिले. तासाभरात एकदाच, अगदी थोडा वेळ, सरळ सूर लागला आणि तुटला. उठून माझ्याकडं आले तेव्हा वरचा ओठ सुजलेला. "जमायचं न्हाय," म्हणाले. पण खिशात तीन पातळ पत्त्या होत्या, वाद्याच्या टोकाला बांधायच्या, गोवेकरानं दिलेल्या. जमायचं नसेल तर माणूस पत्त्या कशाला घेईल? मी हे मनातच ठेवलं. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं ते मलाच माहीत.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी माळ्यावरनं ओढणी खाली आली.

लग्नाला अडीच महिने होते. रोज सकाळी मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. मी बाजारातून स्टीलचा फिल्टर आणला, आता मला कुणाची चोरी नव्हती. कॉफी गळायला ठेवायची आणि ऐकायचं. पहिले पंधरा दिवस नुसता छळ. मग दोन ओळी. मग एक अख्खं गाणं, पण ते संपायच्या आत ओठ सुटायचा. महिन्यानं मी बाहेर शिवणयंत्रावर बसून घड्याळ लावलं. तीन मिनिटं. लग्नाच्या आठवड्यात सात. सातच्या वर एकदाही नाही.

आणि आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. पोरीला दारापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत न्यायचं. एका दुपारी मी स्वतः नवरीच्या चालीनं चालून बघितलं. शेजारणींनी विचारलं, काय झालं गं, पाय दुखतात का? दहा मिनिटं लागली. तेही कुणी मिठ्या मारायला थांबवलं नाही असं धरून. मी हिशेब सांगितला नाही, त्यांनाही तो ठाऊकच होता. पोरीला ह्यातलं काही सांगायचं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं, की अब्बांनी जुन्या सोबत्यांचा बँड बोलावलाय आणि पुढं त्यांचा शागीर्द वाजवणार. स्वतः वाजवणार का, ह्यावर त्यांचं उत्तर शेवटपर्यंत एकच होतं, "बघू." तिनं हट्ट सोडला होता. तिचं ते गप्प होणंच मला जास्त लागलं.

निकाह झाला, जेवणं झाली. बँड शेवटच्या पंगतीला जेवला आणि त्याच्याबरोबर नवरीचा बाप. पाव्हण्यांना ते विचित्र वाटलं, वाटू दे. चार वाजता पोरगी उंबऱ्यात आली. बाहेर बँड उभा. आणि आतल्या खोलीतून आमचे हे बाहेर आले. अंगात मी शिवलेली नवी शेरवानी आणि डोक्यावर जुनी, काळ्या पट्टीची टोपी. पोरीकडं बघितलं नाही. शागीर्दानं वाकून जागा दिली. त्यांनी वरचा ओठ आत घेतला आणि वाजवायला सुरुवात केली.

तेच गाणं, जहाजावरचं. आणि तसंच, सावकाश. पोरगी उंबऱ्यातच थांबली आणि तोंडावर पदर घेऊन जी रडायला लागली ती थांबेना. माझ्या नणंदेनं तिला धरून खाली उतरवलं. मी घड्याळाकडं बघणार नाही असं ठरवलं होतं. बघितलं. अर्ध्या गल्लीतच सहा मिनिटं झाली होती, कारण प्रत्येक दारातली बाई पोरीला छातीशी धरत होती. ह्यांच्या गालाची शीर ताठ झालेली. एक सूर चिरकला. शागीर्दानं लगेच आपलं क्लॅरोनेट तोंडाजवळ नेलं. ह्यांनी डोळ्यांनीच त्याला नाही म्हटलं.

आमच्यात बायका बँडसमोर नोट ओवाळत नाहीत. दारातून बघतात. पण तेव्हा मला दुसरं काय सुचणार होतं? ओठ मी देऊ शकत नव्हते. मी ब्लाउजमधली नोट काढली आणि गर्दीतून पुढं गेले. समोर उभी राहिले. चिरका सूर सावरत होता, ओळ अजून अर्धी होती. मी थांबले. ओळ खाली उतरली, वळली, मुखड्यावर आली. तेव्हा मी त्यांच्या डोक्यावरून तीनदा नोट ओवाळली. त्यांनी दोन्ही हात वाद्यावर ठेवून, सूर चालू ठेवून, माझ्यापुढं मान वाकवली. मी नोट पट्टीत खोवली.

पुढची अर्धी गल्ली त्यांनी कशी वाजवली ते मला सांगता येणार नाही. गाडीचं दार लागलं, काच खाली झाली, पोरीचा हात बाहेर आला, गाडी कोपऱ्यावर वळली, तरी सूर चालू होता.

पाव्हणे पांगल्यावर ते पायरीवर येऊन बसले. वरचा ओठ फाटलेला, रुमालाला रक्त. मी कॉफी आणली तर म्हणाले, चटका बसेल, थोडी निवू दे. टोपी काढून त्यांनी नोट बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"बरोबर मुखड्यावर आलीस," म्हणाले. "कुठं शिकलीस?"

"तेहतीस वर्षं दारात उभी हाय की मी," मी म्हटलं.